आधी खोका मोजा, मग प्लॅटफॉर्म ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नाशिकच्या भांडीबाजारात तुमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, तिसरी पिढी. तुम्ही आणि तुमचे दीर मिळून बघता. दीडशेच्या आसपास वस्तू. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला लागल्यापासून दिवसाला चार ऑर्डरी येतात, निम्म्या पुण्या-मुंबईच्या, बाकीच्या इंदूर, सुरत, बंगळुरूच्या. एका वेबसाइटवाल्याने ८५ हजार सांगितलेत. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, वूकॉमर्सवर मी फुकट करून देतो. शेजारचे दुकानदार शॉपिफाय म्हणतात (वूकॉमर्ससारखंच ऑनलाइन दुकान उभारायचं साधन, पण महिन्याच्या भाड्याने मिळणारं), आणि व्याही म्हणतात सरळ अ‍ॅमेझॉनवर जा. यातलं काय घ्यावं?

गेली चौदा वर्षं मी नाशिक आणि आसपासच्या छोट्या व्यावसायिकांची ऑनलाइन दुकानं उभी करून देतोय. येवल्याच्या पैठण्या, पिंपळगावचे बेदाणे, घरगुती मसाले, सातपूरचे सुटे भाग, सगळं केलंय. तुमचा प्रश्न वाचून मला पहिल्यांदा एकच गोष्ट विचारावीशी वाटली, ती तुम्ही लिहिलेली नाही: तुम्ही भांड्यावर नाव घालून देता ना? भांडीबाजारातलं दुकान म्हणजे देत असणारच. तर मग तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे. त्याच्याकडे येतो, पण आधी वजनाचं बोलू, कारण पैसा तिथे बुडतो.

तुमचा नेहमीचा तांब्या घ्या, साडेचारशे ग्रॅमचा. लोक तो हाताशी असेल त्या खोक्यात घालतात. समजा खोका ३० × २२ × २० सेंटिमीटरचा आहे. कुरिअरवाले दोन वजनं काढतात, एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायची रीत बहुतेक ठिकाणी अशी: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. म्हणजे १३,२०० भागिले ५०००, झाले २.६४ किलो. दर बहुतेक अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या तांब्याचं भाडं तुम्ही तीन किलोचं भरलंत. तोच तांब्या २० × १५ × १५ च्या खोक्यात, चारी बाजूंनी कागद घट्ट कोंबून बसवला तर ४५०० भागिले ५०००, म्हणजे ०.९ किलो. एक किलोचं भाडं. कुठल्याही प्लॅटफॉर्मच्या कमिशनमधल्या फरकापेक्षा हा फरक मोठा निघतो, हे मी कित्येक दुकानांच्या हिशेबात पाहिलंय. म्हणून पहिलं काम संगणकावरचं नाहीच. तुमच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या २५ वस्तू काढा, प्रत्येकीचं वजन, उंची, तोंडाचा व्यास आणि लिटरमध्ये किती मावतं ते वहीत लिहा, आणि तीन मापांचे खोके ठरवून टाका. तीनच. मुंबई नाक्याच्या पुढे आणि सातपूरला खोकी बनवणारे आहेत, ते शे-दोनशे नगही करून देतात.

ही मापं पुढे तुमच्या वस्तूच्या पानावरही लागणार आहेत. भांड्यांमध्ये माल परत येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ‘फोटोत मोठं वाटलं होतं’. गिऱ्हाइकाला ‘मध्यम कळशी’ म्हणून काही कळत नाही. ‘साडेसात लिटर, उंची २७ सेंटिमीटर, वजन १ किलो ८०० ग्रॅम’ असं लिहिलं आणि एका फोटोत माणसाचा हात भांड्याशेजारी दिसला की हे परत येणं बरंचसं थांबतं.

आता त्या ८५ हजारांचं. शॉपिफायसारखं भाड्याचं दुकान घेतलं तर महिन्याचं भाडं पडतं आणि शिवाय एक गोष्ट लोक विसरतात. शॉपिफायचा स्वतःचा पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्या खात्यात आणणारी सेवा, आपल्याकडे चालत नाही, त्यामुळे तुम्ही रेझरपे, कॅशफ्री किंवा पेयू असा कुणाचा तरी गेटवे जोडता, आणि त्याबद्दल शॉपिफाय आपली वेगळी फी घेतं, बेसिक योजनेत ती २ टक्के आहे. गेटवेची फी साधारण २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, ती वेगळी. तुमची सरासरी ऑर्डर १,४०० रुपयांची धरली, महिन्याला १२० ऑर्डरी, तर विक्री १ लाख ६८ हजार. शॉपिफायची २ टक्के फी झाली ३,३६० रुपये. महिन्याचं भाडं दोन हजार धरा. एकूण ५,३६०. म्हणजे वेबसाइटवाल्याने मागितलेल्या ८५ हजारांत भाड्याचं दुकान जवळपास सोळा महिने चालतं. गेटवेची फी दोन्हीकडे सारखीच जाणार, म्हणून ती मी धरली नाही.

हिशेब असा मांडला की दोन गोष्टी दिसतात. एक, आज तुम्हाला ८५ हजार एकरकमी घालायची गरज नाही. सोळा महिन्यांत ऑनलाइन धंदा कुठे जातो ते कळेल, तेव्हा ठरवता येईल. दोन, भाड्याच्या दुकानात भाडं जेवढं दिसतं त्याहून टक्केवारी जास्त खाते, आणि विक्री वाढेल तशी ती वाढते. महिन्याची विक्री पाच लाखांवर गेली की ते २ टक्के दहा हजार होतात, मग वरची योजना घ्यावी की वूकॉमर्सवर यावं हा विचार करायचा. तेव्हा करायचा, आज नाही.

भाच्याचं म्हणणं चुकीचं नाही. वूकॉमर्स हे वर्डप्रेसवर बसणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, २०११ पासून आहे, जगभर लाखो दुकानं त्यावर चालतात, आणि ते विक्रीवर टक्का घेत नाही. मी स्वतः माझी बरीच दुकानं त्यावर बांधली आहेत. पण फुकट फक्त सॉफ्टवेअर आहे. होस्टिंगचे, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायच्या जागेचे, पैसे आहेत, बॅकअप आहे, आणि मुख्य म्हणजे देखभाल आहे. वर्डप्रेस, वूकॉमर्स, थीम (दुकानाचं रूप) आणि डझनभर प्लगइन (वरून जोडायच्या छोट्या सोयी), प्रत्येकाचे अपडेट वेगवेगळ्या वेळी येतात. केले नाहीत तर हॅकरला दार उघडं राहतं, केले तर कधी कधी चेकआउटचं, म्हणजे पैसे भरायचं पानच बंद पडतं. धनत्रयोदशीच्या सकाळी ते बंद पडलं तर बसून दुरुस्त करणारा माणूस लागतो. माझ्या अनुभवात एका साध्या वूकॉमर्स दुकानाला महिन्याला तीन-चार तासांची देखभाल लागते, काही बिघडलं नाही तर. भाचा आज कॉलेजात आहे. दोन वर्षांनी तो पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरीत असेल, त्याची परीक्षा असेल, त्याचं लग्न असेल. त्याच्या प्रेमावर शंका नाही, पण दुकानाचं शटर उघडायची किल्ली गावाबाहेर राहणाऱ्याकडे ठेवू नये. त्याच्याकडून फोटो काढून घ्या, वस्तूंची यादी भरून घ्या, हिशेबाची शीट बनवून घ्या. ते काम त्याचं, आणि ते मोलाचं आहे.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. २०१४ च्या सुमारास एका लोणचं-मसाल्याच्या घरगुती उद्योगाला मी मॅजेंटोवर दुकान बांधून दिलं. सॉफ्टवेअर ताकदवान होतं, हजारो वस्तू आणि मोठी तांत्रिक फौज असणाऱ्यांसाठी होतं. त्या घरात सासू, सून आणि एक मदतनीस. नवीन लोणचं आलं की ते टाकण्यासाठी त्यांना मला फोन करावा लागायचा, आणि मी दोन दोन दिवस मोकळा नसायचो. आठ महिन्यांनी त्यांनी ते बंद केलं आणि फोनवर ऑर्डरी घेणं पुन्हा सुरू केलं. त्यांचे पैसे आणि एक अख्खा उन्हाळा माझ्या निवडीमुळे गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी प्लॅटफॉर्म दाखवताना एकच परीक्षा घेतो: दुकानात जो रोज बसणार आहे त्याने माझ्यासमोर, मी काही न सांगता, मोबाइलवरून एक नवी वस्तू फोटोसकट टाकून दाखवायची आणि एकीची किंमत बदलायची. तुम्हाला आणि तुमच्या दिरांना जे पंधरा मिनिटांत जमतं ते तुमचं.

किंमत बदलण्यावर जोर देतोय कारण तुमचा धंदा धातूचा आहे. साडीवाल्याची किंमत हंगामभर टिकते, तुमची नाही. तांब्याचा भाव हलला की वजन गुणिले भाव अधिक घडणावळ हा हिशेब सगळ्या दीडशे वस्तूंचा पुन्हा करायचा. एक एक पान उघडून बदलत बसलात तर महिन्याभरात कंटाळाल, आणि जुन्या भावात दहा कळशा विकल्या जातील. यावर उपाय असा. वस्तूंची मूळ यादी प्लॅटफॉर्मवर ठेवू नका, तुमच्याकडच्या एक्सेल शीटमध्ये ठेवा. वस्तूचा कोड, वजन, घडणावळ, आणि वर एका चौकटीत आजचा भाव. भाव बदलला की सगळ्या किमती आपोआप बदलतात, मग ती फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची यादी) करून प्लॅटफॉर्मवर चढवायची. शॉपिफाय आणि वूकॉमर्स दोन्हीकडे हे होतं. तिथे एक खोच आहे, आपल्या मराठी लोकांनाच लागणारी: फाइल साध्या सीएसव्हीत जतन केली की देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडायचा. एका पैठणीवाल्यांच्या चारशे साड्यांची नावं मी अशी एका रात्रीत प्रश्नचिन्हं झालेली पाहिली आहेत.

आता नाव घालण्याकडे येतो.

आपल्याकडे भांडं देणं म्हणजे नाव घालून देणं. मुलीच्या रुखवतात, मुंजीत, साठीशांतीला, वास्तुशांतीच्या आहेरात. ‘सौ. मावशी व काका यांजकडून सप्रेम भेट’ आणि खाली तारीख. आजीच्या डब्यावरचं नाव वाचून लोक पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न आठवतात. बंगळुरूत राहणारी मराठी मुलगी तुमच्याकडून तांब्या मागवते तेव्हा तिला तांब्या तिथेही मिळतो. तिथे नाव घालणारा मिळत नाही, आणि मराठीत, वळणदार अक्षरात तर नाहीच. ही तुमची खरी विक्री आहे. अ‍ॅमेझॉनसारख्या मोठ्या बाजारपेठांच्या अ‍ॅपवर तुमचा तांब्या आणखी पन्नास तांब्यांच्या रांगेत उभा राहतो आणि गिऱ्हाईक सर्वांत स्वस्त उचलतं. नाव घातलेला तांब्या त्या रांगेत बसतच नाही.

म्हणून प्लॅटफॉर्म निवडताना माझ्यासाठी निर्णायक प्रश्न हा: वस्तूच्या पानावर गिऱ्हाइकाला मजकूर लिहायची जागा देता येते का, तो मजकूर देवनागरीत ऑर्डरीच्या कागदावर जसाच्या तसा छापून येतो का, आणि अक्षरांप्रमाणे जादा आकार लावता येतो का. वूकॉमर्समध्ये यासाठी प्लगइन मिळतात. शॉपिफायमध्ये थीममध्ये थोडा बदल करून मजकुराची जागा येते, पण अक्षरांप्रमाणे पैसे लावायचे तर सहसा वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं आणि त्याचं महिन्याचं भाडं वेगळं. तुम्ही अक्षरं मोजत बसू नका, दोन ठरावीक दर ठेवा, एका ओळीचा आणि दोन ओळींचा. मग अ‍ॅपचीही गरज नाही, ते वस्तूचे दोन प्रकार म्हणून टाकता येतात. आणि वेबसाइटवर कितीही सोय असली तरी नाव घालण्याआधी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘बरोबर आहे’ असं गिऱ्हाइकाकडून लिहून घ्या. सौ. आणि श्री., ह्रस्व-दीर्घ, आडनावातला एखादा काना, कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. नाव घातलेला माल परत घेणार नाही हे वस्तूच्या पानावर, पैसे भरायच्या आधी दिसेल असं लिहा.

याच कारणाने नाव घातलेल्या मालाला कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात ठेवू नका. नावाचा तांब्या दारातून परत आला तर तो मोडीच्या भावाने जातो. साध्या मालालाही हिशेब करून बघा. दहा ऑर्डरी कॅशवर पाठवल्या आणि तीन परत आल्या असं धरा, जाताना १२० आणि येताना १२० रुपये भाडं धरा. तीन पार्सलांचे ७२० रुपये गेले, ते पोचलेल्या सात ऑर्डरींवर वाटले तर प्रत्येकीवर शंभराच्या वर बोजा. वाटेत पोचे येतात ते वेगळंच. कॅश बंद केली की ऑर्डरी कमी होतात हे खरं आहे. मधला मार्ग म्हणजे दोनशे रुपये आगाऊ आणि उरलेले दारात. दोनशे रुपये भरलेला माणूस सहसा दार बंद करत नाही.

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांच्याबद्दल व्याह्यांचं म्हणणं मी पूर्ण मोडीत काढणार नाही. तिथे गिऱ्हाईक आधीच आलेलं असतं, ते तुम्हाला शोधावं लागत नाही. पण तिथे कमिशन, प्रत्येक ऑर्डरीवरची ठरावीक फी, वजनाप्रमाणे वाहतूक आणि परताव्याचा खर्च असे चार खिसे आहेत, आणि त्यांचे दर प्रकारानुसार बदलतात, वर्षात कधीही बदलतात. त्यांच्या विक्रेत्यांसाठीच्या पानावर फी मोजायचं साधन असतं, त्यात तुमच्या त्या २५ वस्तूंची वजनं घाला. माझा अंदाज, पाच-सहा वस्तूच तरतील, हलक्या आणि एकसारख्या. पाण्याची बाटली, पेला, पंचपात्र-पळी, छोटी समई. तेवढ्याच टाका. कळशी, घंगाळ, बंब तिथे नेऊ नका.

आणि एक धोका तुमच्या प्रकारच्या दुकानाला खास आहे. तुमच्याकडे एकच नग असतो, तो गल्ल्यावर विकला जातो आणि त्याच तासाला ऑनलाइनही. मग ऑर्डर तुम्ही रद्द करता. इन्स्टाग्रामवर माफी मागून भागतं, अ‍ॅमेझॉनवर नाही. तिथे विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं. आठवड्याला ४० ऑर्डरी असतील तर एक रद्द केली की तुम्ही त्या रेषेवर आलात. तेव्हा जे बाजारपेठेवर टाकाल त्याचे दहा-दहा नग माळ्यावर वेगळे बांधून ठेवा आणि गल्ल्यावर ते विकायचे नाहीत, दिरांना तसं सांगून ठेवा. बाजारपेठेच्या पार्सलमध्ये ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या’ अशी चिठ्ठी घालायचा मोह होईल. ते नियमात बसत नाही, खातं बंद पडू शकतं. तुमच्या दुकानाचं नाव भांड्याच्या बुडाशी ठोकलेलं असतं, तेवढं पुरे.

ओएनडीसीबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. ते एकच अ‍ॅप नाही, सरकारी पुढाकाराने उभं राहिलेलं खुलं जाळं आहे, विक्रेत्याचं अ‍ॅप एकीकडे आणि गिऱ्हाइकाचं दुसरीकडे. तुमच्यासाठी ते पहिल्या वर्षाचं काम नाही.

करांचं मात्र आज बघायला हवं, कारण त्यात तुम्ही कदाचित आत्ताच अडचणीत असाल. जुन्या नाशकातली बरीच दुकानं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत, म्हणजे छोट्या दुकानदारांनी उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायच्या सोप्या योजनेत. तुम्ही त्यात असाल तर महाराष्ट्राबाहेर माल विकता येत नाही. पुणे-मुंबई चालतं, इंदूर, सुरत, बंगळुरू चालत नाही. प्लॅटफॉर्म कोणताही घ्या, हा नियम तोच. राज्याबाहेर विकायचं तर नियमित नोंदणीत यावं लागेल. उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी राज्याबाहेर माल पाठवायला नोंदणी लागते, हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना काही सवलत आहे, तुमची भांडी त्यात बसतात का ते सीएंना एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारा. १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवालेही बाजारपेठांच्या अ‍ॅपवर विकू शकतात, पण तेही राज्यातल्या राज्यातच. बाजारपेठेवर विकलं की ती तुमच्या पैशांतून जीएसटीचा टीसीएस आणि आयकराचा टीडीएस कापते, म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ कर भरते. जुलै २०२४ पासून टीसीएस अर्धा टक्का आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून टीडीएस ०.१ टक्का. ते पैसे बुडत नाहीत, हिशेबात परत मिळतात, फक्त तोवर अडकतात. स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःचा माल विकताना हे कापलं जात नाही.

स्वतःचं ऑनलाइन दुकान काढलं की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाचं पूर्ण नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचं नाव पानावर द्यायचं असतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवाडा महिन्याच्या आत. तक्रार ऐकणारी व्यक्ती म्हणून तुमचंच नाव द्या. गेटवेवालेही परताव्याचं धोरण, गोपनीयता, अटी ही पानं असल्याशिवाय खातं सुरू करत नाहीत. ती पानं दुसऱ्या वेबसाइटवरून उचलू नका. मी एका मसालेवाल्याच्या साइटवर ‘कपडे न धुता परत करावेत’ असं वाचलेलं आहे.

मालकीबद्दल दोन शब्द, आणि हे मी हात जोडून सांगतो. प्लॅटफॉर्म भाड्याचा असला तरी चालेल, पण तीन गोष्टी तुमच्या स्वतःच्या नावावर हव्यात: डोमेन (वेबसाइटचा पत्ता), गेटवेचं खातं आणि गिऱ्हाइकांची यादी. सातपूरच्या एका उद्योजकांचं डोमेन, होस्टिंग, ईमेल सगळं त्यांच्या वेबसाइटवाल्याने स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. सहा वर्षं चाललं. मग तो माणूस धंदा बंद करून निघून गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर जात राहिली, मुदत संपली आणि ते नाव दुसऱ्याच कुणी घेतलं. पाकिटांवर छापलेला पत्ता, गाडीवर रंगवलेला पत्ता, सगळा वाया. डोमेनचे वर्षाचे हजाराच्या आसपास रुपये असतात. ते तुमच्या कार्डावरून, तुमच्या ईमेलवर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर, आणि घ्यायचं तर पाच वर्षांचं एकदम घ्या. नाव लहान आणि फोनवर सांगता येईल असं ठेवा. गिऱ्हाइकांची यादी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उतरवून घ्यायची, कोणी काय घेतलं, काय नाव घातलं यासकट. ज्या प्लॅटफॉर्मवरून ही यादी आणि वस्तूंची यादी सहज उतरवता येत नाही, तो कितीही स्वस्त असो, घेऊ नका. वेबसाइटवाल्याच्या ८५ हजारांच्या करारात ‘सोर्स कोड आणि डेटा कुणाचा’ हे लिहिलं आहे का बघा. बहुतेक नसेल.

तर मी तुमच्या जागी काय करीन? पहिले दोन महिने वेबसाइट घेणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर त्या २५ वस्तूंचा कॅटलॉग लावीन, मापं आणि वजनं पूर्ण लिहून. पैसे यूपीआयवर, त्यावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याबद्दलची बँकेची फी, पडत नाही. पार्सल स्पीड पोस्टने आणि एका खाजगी कुरिअरने, दोन्हीकडचे खरे दर वहीत. दोन महिन्यांनी वहीतच दिसेल की कोणत्या वस्तू जातात, किती परत येतात, किती लोक नाव घालून मागतात. मग शॉपिफायचं साधं दुकान, तयार थीमवर, तुमच्या डोमेनवर, ४०-५० वस्तूंनी. दुकानात दोनच माणसं आहेत आणि तांत्रिक माणूस कायमचा नाही, म्हणून भाड्याचं. हीच गोष्ट एखाद्या घरात कायम राहणारा, संगणकात रमणारा मुलगा असता तर मी वूकॉमर्स म्हटलं असतं, आणि २ टक्के वाचवले असते.

फोटोंबद्दल एवढंच: भांडी चकाकतात आणि त्यात फोटो काढणाराच दिसतो. सकाळी खिडकीशी, समोरून पांढरी चादर धरून काढा, वरचा दिवा बंद. पितळेच्या पातेल्याच्या पानावर कल्हई आहे की नाही ते ठळक लिहा, हल्लीच्या मुलींना आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत करू नये हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि तांबं काळवंडतं, तो दोष नाही, चिंचेने उजळतं, हे एका चिठ्ठीवर छापून प्रत्येक खोक्यात घाला. निम्म्या तक्रारी त्या चिठ्ठीने मिटतील.

सिंहस्थाचा विचार आत्ताच करा. २०२७ च्या पर्वणीला रामकुंडाच्या आजूबाजूचे रस्ते गाड्यांना बंद होतील, मागच्या २०१५ च्या वेळी झालेच होते. कुरिअरचा मुलगा भांडीबाजारात येऊ शकणार नाही, आणि नेमकी तेव्हाच गंगाजलाच्या लोट्यांची आणि पूजेच्या भांड्यांची मागणी असेल. प्लॅटफॉर्मवर किंवा कुरिअरच्या खात्यात माल उचलायचा दुसरा पत्ता टाकता येतो. इंदिरानगर, गंगापूर रोड, जिथे कुणी नातेवाईक असतील तिथला पत्ता आधीच नोंदवा आणि त्या काळात लागणारा माल आठवडाभर आधी तिकडे हलवा.

त्याच्याही आधी संक्रांत आहे. हळदीकुंकवाच्या वाणासाठी पन्नास-शंभर नगांच्या चौकशा नोव्हेंबरपासून सुरू होतात, छोटे करंडे, वाट्या, निरांजनं. त्यासाठी कॅटलॉगमध्ये एक वेगळी वस्तू टाका, ‘वाणासाठी ५० नग’, एकूण वजन आणि एकूण किंमत लिहून, नाव घालण्याचा दर आणि त्याला लागणारे दिवसही तिथेच. पहिल्या २५ वस्तूंची मापं काढताना हे करंडे आणि वाट्या वर घ्या, कळशा नंतर.